टपालखात्याचीं तीन एकीकरणें

सारखीं कामें एकत्र केलीं म्हणजे खर्च वांचतो, हा कारभाराचा जुना सिद्धान्त आहे. पण सारखीं कामें म्हणावीं तरी कोणतीं? आमच्या मतें याचें उत्तर आपल्या टपालखात्याच्या इतिहासांत चांगलें सांपडतें.

१८५४ पूर्वीं प्रत्येक इलाख्याची टपालव्यवस्था निराळी असे, आणि अंतर वाढे तसें हशील वाढे. त्या वर्षीं सारा कारभार एका डायरेक्टर-जनरलकडे आला व पाव तोळ्याचें पत्र देशांत कोठेंही अर्ध्या आण्यांत जाऊं लागलें. पत्र पुण्याचें असो वा मद्रासचें, तें पोंचविण्याची रीत एकच. म्हणून ही जोड टिकली.

१९१४ सालीं तारखातें टपालास जोडण्यांत आलें. लहान गांवीं टपालाचा कारकूनच तारेची कळ वाजवी. तेथें ही जोड सोयीची होती. परंतु तारा, यंत्रें व टेलिफोन सांभाळणारांची विद्याच निराळी. १९८५ सालीं हीं खातीं पुन्हा विभक्त झालीं.

२०२५ सालीं रजिस्टर टपाल स्पीड पोस्टांत विलीन झालें. दोहोंची वाट एक, पण हेतु भिन्न. एकाचा वेग, दुसऱ्याचा भरंवसा, कीं कागद ज्याचा त्याच्याच हातीं पडेल. नोटीस धाडणाऱ्या वकिलास वेगापेक्षां हा भरंवसा मोलाचा. जादा शुल्क घेऊन कां होईना, तो कायम ठेवला आहे, हें योग्यच झालें. वाटा खुशाल एक कराव्या. लोकांस दिलेला शब्द मात्र त्यांत बुडूं देऊं नये.