नाडी आणि मज्जातंतू

तापी व पूर्णा यांच्या संगमावर चांगदेवाचे प्राचीन देवालय आहे, आणि त्याच परिसरात, पूर्वी एदलाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुक्ताईनगराजवळ, मुक्ताबाईची पवित्र स्थाने आहेत. महाशिवरात्रीस येथे भाविकांची मोठी यात्रा भरते. प्राणवायू कोंडून चौदाशे वर्षे काळास हुलकावणी देणारा योगी म्हणून चांगदेवाची आख्यायिका प्रसिद्ध आहे. आणि त्यास शिष्य करून घेणारी मुक्ताबाई वयाने केवळ बालिका होती. शके 1219, म्हणजे इ. स. 1297 मध्ये, तापीतीरी वीज कडाडली व ती अंतर्धान पावली, असे परंपरा सांगते.

या भावंडांच्या नाथपंथी परंपरेत मनुष्यदेहाचे एक विशिष्ट चित्र होते. इडा, पिंगला व सुषुम्ना या तीन नाड्या, त्यांवरील चक्रे, आणि तळाशी निद्रिस्त असलेली कुंडलिनी, हे ते चित्र होय. शके 1212 मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाने ते मराठीत आणले. पुढे पाश्चात्य शारीरशास्त्र आपल्याकडे आले, तेव्हा सुशिक्षितांपुढे साहजिकच प्रश्न उभा राहिला, की योग्यांची नाडी व डॉक्टरांचा मज्जातंतू या दोन वस्तू एकच काय? या प्रश्नाचा इतिहास मनोरंजक तर आहेच, परंतु बोधप्रदही आहे.

प्रथम शारीरशास्त्र काय सांगते ते पाहू. मेंदूचे वजन सुमारे 1.3 ते 1.4 किलोग्रॅम असते. परंतु विश्रांतीच्या वेळीही देहाच्या एकंदर ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा एवढासा गोळा खर्च करतो. त्यात सुमारे 8600 कोटी मज्जापेशी आहेत. मेंदूपासून निघणारा मज्जारज्जू पाठीच्या कण्यातून खाली उतरतो. मेंदूतून मज्जातंतूंच्या 12 जोड्या निघतात व मज्जारज्जूतून 31. काही तंतू संवेदना आत आणतात, काही आज्ञा बाहेर नेतात. विस्तवाचा चटका बसताच हात मागे येतो तो मज्जारज्जूच्याच हुकमाने. मेंदूस ती वार्ता मागाहून कळते. प्राचीन युरोपातही मज्जातंतू पोकळ असून त्यांतून सूक्ष्म वायू वाहतो, असा समज शेकडो वर्षे रूढ होता. गॅल्व्हानीने 1791 मध्ये बेडकाच्या पायांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हापासून तंतूंतील वाहक शक्ती विजेच्या जातीची आहे हे हळूहळू उमगू लागले. तेव्हा नळीची कल्पना करणे हा केवळ आपल्याच पूर्वजांचा दोष नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्याचे पहिले उत्तर रोखठोक होते. मुंबईत 1875 मध्ये आर्यसमाज स्थापन करणारे स्वामी दयानंद यांनी आपल्या आत्मवृत्तात सांगितले आहे, की तरुणपणी गंगेतून वाहत आलेले एक प्रेत ओढून त्यांनी ते चाकूने चिरले, ग्रंथांतील चक्रे शोधली, ती न सापडल्यामुळे ग्रंथ फाडून प्रेताबरोबरच नदीत सोडून दिले. दुसरे उत्तर याच्या अगदी उलट टोकाचे. मुंबईचे डॉक्टर वसंत गंगाराम रेळे यांनी 1927 मध्ये इंग्रजीत ग्रंथ लिहून कुंडलिनी म्हणजे उजवा व्हेगस मज्जातंतू होय, असे प्रतिपादिले. आणि 1931 मध्ये तर वैदिक देवतांचा अर्थही त्यांनी मज्जासंस्थेच्या भागांवरून लावला. विशेष हे, की पहिल्या ग्रंथास प्रस्तावना लिहिणारे तंत्रशास्त्राचे अभ्यासक सर जॉन वुड्रॉफ यांसच हे समीकरण मान्य नव्हते.

रेळ्यांची निवड निराधार नव्हती. व्हेगस हा मेंदूच्या देठापासून निघून कंठ, हृदय, फुप्फुसे व पोट यांपर्यंत भटकणारा तंतू आहे. लॅटिन भाषेत त्याच्या नावाचा अर्थच भटका असा आहे. तो हृदयाची गती मंद करतो. ऑटो लोवीने 1921 मध्ये बेडकाच्या एका हृदयाचा व्हेगस उद्दीपित करून त्यातील द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला, तेव्हा तेही मंदावले. तंतूचा संदेश रासायनिक द्रव्यानेही पोचतो हे त्यावरून सिद्ध झाले. श्वास दीर्घ व सावकाश केला असता नाडीचे ठोके मंदावतात, यातही व्हेगसचा वाटा आहे. परंतु कुंडलिनी जागृत होऊन मस्तकाकडे चढते, असे योगी म्हणतात. तंतू जागचा हलत नाही. एक साधकाच्या अनुभवाचा नकाशा आहे, दुसरा मांसाचा. एकावर दुसरा बळेच बसवू गेल्यास दोन्ही फाटतात.

तिसरी वाट खानदेशातून गेली, हे आम्हांस विशेष वाटते. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, हे अमळनेरास अध्यापन करीत असता योगाकडे गंभीरपणे वळले. त्यांनी प्रेत चिरले नाही, की शब्दांची जुळणीही केली नाही. त्यांनी मोजमाप केले. 1924 मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्यांनी नौली करणाऱ्याच्या आतड्यातील दाब यंत्राने पाहिला, तो बाहेरील हवेपेक्षा कमी झालेला आढळला, आणि त्या पोकळीस त्यांनी आपल्या गुरूंच्या नावे ‘माधवदास निर्वात’ म्हटले. क्रियेचा परिणाम खरा ठरला. त्याचे कारण मात्र स्नायूंत सापडले.

आपल्या संतांस मज्जातंतू ठाऊक होते, असे म्हणण्याने त्यांची थोरवी वाढते असा अनेकांचा समज आहे. आम्हांस तो उलटा वाटतो. ज्यांनी स्वानुभव सांगितला त्यांस आपण अर्धवट शारीरशास्त्री ठरवितो, आणि शंभर हातांनी कष्टाने मिळविलेले ज्ञान फुकटात आपले म्हणतो. आख्यायिकेतला चांगदेव ज्ञानदेवास कोरे पत्र पाठवितो, आणि इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणते. देहावर सत्ता मिळविणे व स्वतःस जाणणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हेच तिने त्यास शिकविले. पहिल्या गोष्टीचा हिशेब मज्जाशास्त्राने खुशाल घ्यावा. मुक्ताबाईचे म्हणणे खरे ठरण्यासाठी मात्र त्या हिशेबाच्या दाखल्याची गरज नाही.