फुटप्रिंट

‘फुटप्रिंट’मधला ‘फूट’ आणि मराठीतला ‘पाय’ मुळात एकाच घराण्यातले. संस्कृत ‘पाद’ हाही त्यांचा भाऊबंद. ‘प्रिंट’ आला लॅटिन ‘प्रेमेरे’पासून, म्हणजे दाबणे, जुन्या फ्रेंचमार्गे. मातीत उमटलेले पाऊल हा जोडशब्दाचा पहिला अर्थ. पुढे यंत्राने व्यापलेली जागा असा अर्थ जडला, आणि सर्किट बोर्डावर सुट्या भागाचे पाय टेकतात ती तांब्याच्या पॅडांची मांडणीही. सरफेस-माउंट भागांना भोके लागत नाहीत. ते पॅडांवरच डाखतात. म्हणून फुटप्रिंट काढताना पॅडचे माप चुकले की सांधा कच्चा राहतो. आकारांची नावे तर फारच फसवी: इंची पद्धतीतला ०६०३ म्हणजे १.६ × ०.८ मिमी, मेट्रिक ०६०३ मात्र जेमतेम ०.६ × ०.३ मिमी.

आयपीसी-७३५१ या मानकात फुटप्रिंटलाच ‘लँड पॅटर्न’ म्हणतात. बोर्ड आखण्याच्या किकॅड या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी पूर्वी ‘मॉड्यूल’ हा शब्द होता. फाइलच्या नावाअखेरचे ‘मॉड’ त्याचीच खूण. आज मराठी वृत्तपत्रांत ‘फुटप्रिंट’ हा शब्द बहुधा ‘कार्बन फुटप्रिंट’मध्ये भेटतो, बोर्ड आखणाऱ्यांच्या तोंडी त्याचा अर्थ पॅडांची मांडणी हाच.