‘विष आढळले नाही’ : रक्तातील औषधशोधाचा इतिहास आणि डॉ. लागू खटला

प्रस्तावना :
न्यायवैद्यकाच्या इतिहासात प्रयोगशाळेच्या अहवालाला जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे त्यामागील पद्धतीच्या मर्यादांना दिले जात नाही. ‘विष आढळले नाही’ या शब्दांचा अर्थ ‘विष नव्हते’ असा घ्यावयाचा, की ‘या नमुन्यात, या पद्धतीने ते सापडले नाही’ असा? महाराष्ट्रात हा प्रश्न ‘अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य’ या खटल्याने थेट सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. विधी महाविद्यालयांतून तो परिस्थितिजन्य पुराव्याचे उदाहरण म्हणून शिकविला जातो. प्रस्तुत निबंधात त्याच्याकडे रसायनशास्त्राच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

खटल्याची हकिकत :
पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे या मधुमेहाच्या रुग्ण असलेल्या, बाळगून असलेल्या विधवा. डॉ. लागू हे त्यांच्याच घरात राहणारे व त्यांच्यावर उपचार करणारे वैद्यकीय व्यावसायिक. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री दोघे पुण्याहून रेल्वेने मुंबईस निघाले. पहाटे बोरीबंदर स्थानकात गाडी पोहोचली तेव्हा लक्ष्मीबाई बेशुद्ध होत्या. डॉ. लागूंनी त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल केले, तेही दुसऱ्याच नावाने. मधुमेहजन्य बेशुद्धी समजून इन्सुलिन व ग्लुकोज देण्यात आले. परंतु १३ तारखेस दुपारपूर्वीच त्यांचा मृत्यू झाला. प्रेतावर हक्क सांगण्यास कोणी आले नाही आणि शवविच्छेदन झाले ते २३ नोव्हेंबरला, म्हणजे दहा दिवसांनी. व्हिसेरा रासायनिक विश्लेषकाकडे गेला. अहवाल आला : विष आढळले नाही.

त्यानंतर दीड वर्षाच्या आतच लक्ष्मीबाईंची बरीचशी मालमत्ता डॉ. लागूंच्या हाती गेली. नातेवाइकांना लक्ष्मीबाईंच्या नावाने पत्रे येत राहिली. त्यांनी पुनर्विवाह केला असून त्या राजस्थानात स्थायिक झाल्या आहेत, असा त्यांतील मजकूर होता. मार्च १९५८ मध्ये डॉ. लागूंना अटक झाली.

तत्कालीन विश्लेषणाची मर्यादा :
मुंबईतील रासायनिक विश्लेषकाचे पद जुने व प्रतिष्ठेचे. एकोणिसाव्या शतकात ते भूषविणारे आय. बी. लायन यांचा भारतीय न्यायवैद्यकावरील ग्रंथ पुढे अनेक पिढ्यांनी वापरला. तेव्हा अहवाल कोरा आला तो विश्लेषकाच्या अकुशलतेमुळे, असे मानण्याचे कारण नाही. मर्यादा होती ती पद्धतीची. सेंद्रिय विषांसाठी त्या काळापर्यंतचा मुख्य आधार म्हणजे स्टास–ऑटो प्रक्रिया. बेल्जियममधील बोकार्मे खटल्यात १८५० साली स्टासने मृताच्या ऊतींतून निकोटिन वेगळे केले; ऑटोने पुढे त्या पद्धतीत सुधारणा केली. आम्ल व अल्कोहोलच्या साहाय्याने ऊतींतून विष काढावयाचे, द्रावकात उतरवावयाचे, मग रंगपरीक्षा करावयाच्या, असा तिचा क्रम. नेहमीच्या अल्कलॉइडांना ती पकडते. शरीरात झपाट्याने विघटित होणारे द्रव्य, किंवा शरीरात मुळातच असणारे इन्सुलिनसारखे प्रथिन, तिच्या जाळ्यातून सुटते.

याच सुमारास इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या केनेथ बार्लोने पत्नीस इन्सुलिन टोचून मारल्याचे १९५७ मध्ये सिद्ध झाले. तेथे टोचल्याच्या खुणा वेळीच सापडल्या आणि त्या जागेच्या ऊतींचा अर्क उंदरांना टोचून परीक्षा घेण्यात आली. मुंबईत दहा दिवस आधीच निघून गेले होते.

सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर १९५९ रोजी बहुमताने फाशीची शिक्षा कायम केली. बहुमताचा निर्णय न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिला. मधुमेहाने मृत्यू झाल्याचे निदान त्यांनी स्वीकारले नाही. तसेच विश्लेषकाला विष न सापडणे हे आरोपीच्या निर्दोषत्वाचे प्रमाण ठरत नाही, इतर परिस्थिती पुरेशी बोलकी असेल तर विषाचे नाव न कळताही दोष सिद्ध होऊ शकतो, असे मानले. न्या. सरकार यांनी मात्र भिन्न मत नोंदविले. मृत्यूचे कारणच निश्चित नसताना खून सिद्ध झाला असे म्हणता येईल का, ही शंका आजही हलकी मानता येत नाही, कारण समोर फाशी होती.

केशनलिका आणि वस्तुमान :
न्यायालयापुढील ही पोकळी पुढील तंत्राने भरली असती काय? विद्युत्क्षेत्रात प्रभारित कण वेगवेगळ्या गतीने सरकतात. यावर आधारित इलेक्ट्रोफोरेसिसद्वारे टिसेलियसने १९३७ मध्ये रक्तातील प्रथिने वेगळी केली व १९४८ चे नोबेल मिळविले. जॉर्गेन्सन व लुकाक्स यांनी १९८१ मध्ये हीच क्रिया ७५ मायक्रोमीटर व्यासाच्या काचनलिकेत घडवली. केसाएवढ्या नलिकेत उष्णता चटकन बाहेर पडते. म्हणून हजारो व्होल्टचा दाब देता येतो आणि काही मिनिटांत घटक सुटे होतात. नमुना नॅनोलिटरमध्ये पुरतो, पण हाच गुण अडचणीचाही : एवढ्या सूक्ष्म नमुन्यातील अल्प औषध प्रकाशशोषणाने दिसत नाही. १९८७ मध्ये रिचर्ड स्मिथ यांच्या गटाने नलिकेचे टोक मास स्पेक्ट्रोमीटरला जोडले. जॉन फेन यांच्या विद्युत्फवारणीने, जिला २००२ मध्ये नोबेल मिळाले, हे शक्य केले. आता घटक किती वेळात बाहेर आला याबरोबरच त्याचे वस्तुमानही कळू लागले.

तरीही १९५६ च्या प्रकरणी हे यंत्र असते तर निकाल लागलाच असता, असे म्हणणे घाईचे होईल. रक्तद्रव मिळविण्यासाठी ताजे, गोठू न दिलेले रक्त लागते. दहा दिवसांच्या प्रेतात ते कोठून येणार? शिवाय, उदाहरणादाखल, यंत्राने इन्सुलिन शोधले असते असे समजू. मानवी इन्सुलिनचे रेणुभार सुमारे ५८०८, गाईचे ५७३४ व डुकराचे ५७७८. म्हणजे टोचलेले प्राणिज इन्सुलिन शरीराच्या स्वतःच्या इन्सुलिनहून वेगळे ओळखता येते. पण रुग्णालयानेही उपचारार्थ इन्सुलिनच दिले होते आणि त्या काळी ते प्राणिजच असे. दाखल करताना घेतलेली, पहिल्या इंजेक्शनच्या आधीची रक्ताची एक नळी राखून ठेवलेली असती, तर तिने यंत्रापेक्षा अधिक काम केले असते.

हीच शिस्त आज जिवंत रुग्णांच्या उपयोगी पडते. पनवेल तालुक्यातील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संस्था आहे. परळची कर्करोग संशोधन संस्था २००२ मध्ये तेथे स्थलांतरित झाली. कर्करोगावरील मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाची मात्रा उपकारक राहते की घातक ठरते, हे रक्तद्रवातील प्रमाणावरून ठरवावे लागते. अशा मोजणीत केशनलिकेपेक्षा द्रव-क्रोमॅटोग्राफीच अधिक रूढ आहे, कारण ती नमुन्यागणिक अधिक स्थिर उत्तर देते. मात्र दोन्हींत पहिली नोंद एकच असते : औषध किती वाजता दिले आणि रक्त किती वाजता घेतले.