'सेकंड' आणि 'अदर'

इंग्रजी क्रमवाचकांच्या रांगेत एक परका बसला आहे. फर्स्ट, थर्ड, फोर्थ ही सारी जर्मानिक घरातली मंडळी. 'सेकंड' तेवढा लॅटिनचा, फ्रेंचमार्गे इ.स. १३००च्या सुमारास आलेला. मग त्याआधी इंग्रज 'दुसरा' कसे म्हणत? 'अदर' म्हणत. जुन्या इंग्रजीत हा एकच शब्द 'दुसरा' आणि 'इतर' असे दोन्ही अर्थ वाही. 'एव्हरी अदर डे' म्हणजे एक दिवसाआड, या प्रयोगात ती जुनी खूण उरली आहे. दीडलाही तेव्हा 'दुसरा अर्धा' अशा अर्थाचा शब्द होता. जर्मनमध्ये तो 'आंडरटहाल्प' म्हणून आजही नांदतो. आपला 'अडीच' हा 'अर्धतृतीय'पासून, म्हणजे 'तिसरा अर्धा', याच हिशेबाने झाला आहे. आणि 'अदर'चा संस्कृत सगोत्र कोणता? 'अंतर'. भाषांतर, देशांतर यांतला तो 'अंतर' म्हणजे 'दुसरा'च.

'सेकंड'च्या मुळाशी लॅटिन 'सेक्वी', म्हणजे मागून जाणे, हा धातू आहे. संस्कृत 'सच्' त्याचा भाऊ. सोबत असतो तो 'सचिव'. जहाजाच्या पाठीशी वाहणारा वारा रोमनांना 'सेकुंदुस', म्हणून तो अनुकूल. सभेत ठराव 'सेकंड' करणारा हाही पाठीशी उभा राहणाराच. कालमापनातला सेकंद मात्र निव्वळ क्रमातून आला: तासाचे ६० भाग हे 'पहिले सूक्ष्म भाग', त्यांचे पुन्हा ६० ते 'दुसरे सूक्ष्म भाग'. पहिल्यातून 'सूक्ष्म' उरले, ते मिनिट; दुसऱ्यातून 'दुसरे' उरले, तो सेकंद.

'सेकंड' आल्यावर इंग्रजीत क्रम आणि परकेपणा यांची फारकत झाली. हा केवळ व्युत्पत्तीचा खेळ नव्हे. सिमोन द बोव्हारच्या १९४९च्या ग्रंथाचे फ्रेंच शीर्षक क्रमवाचक आहे, आणि १९५३च्या इंग्रजी भाषांतरानेही 'सेकंड'च घेतला. परंतु स्त्रीला 'इतर' ठरवले जाते, हे ग्रंथाचे प्रतिपादन त्या शीर्षकात ऐकू येत नाही. १९५१च्या जर्मन भाषांतराने 'आंडर' हा शब्द घेतला. त्यात 'इतर' आले, पण क्रम सुटला, कारण क्रमासाठी जर्मनने तोवर 'झ्वाइट' हा वेगळा शब्द रूढ केला होता.

मराठी 'दुसरा' मात्र अजून दोन्ही अर्थ सांभाळून आहे. 'त्यांचा दुसरा मुलगा' हा क्रमाने दुसरा की हा नव्हे तो, हे संदर्भच सांगतो. वर्गात शिकवताना आपण तिला संदिग्धता म्हणतो. बोव्हारच्या शीर्षकापुरती तरी ती आम्हाला अधिक अचूक वाटते.