पांढऱ्या कणांवरचा त्रिकोण

बर्लिनचे शल्यचिकित्सक आल्बर्ट सालोमन यांनी 1913 साली एक प्रबंध छापला. शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे 3000 स्तनांचे एक्स-रे घेऊन त्यांनी ते प्रत्यक्ष चिरलेल्या उतींशी पडताळून पाहिले होते. कर्करोगाच्या काही गाठींच्या मध्यभागी त्यांना बारीक ठिपके दिसले. ते कॅल्शियमचे कण होते. निदानासाठी ते किती मोलाचे आहेत, हे तेव्हा त्यांच्याही लक्षात आले नव्हते.   स्तनाची चित्रे वाचणाऱ्या संगणकाचे मूळ मी याच कामात धरतो, कारण संगणकाला पहिल्यांदा नीट शोधता आले ते हेच ठिपके.

त्यांचे मोल ओळखले ते उरुग्वेच्या राऊल लेबोर्न यांनी, 1949 च्या सुमारास. स्तन दाबून धरून चित्र घेतले की मिठाच्या बारीक कणांसारखे हे पुंजके स्पष्ट उमटतात, हे त्यांनी दाखवले. 1960 मध्ये ह्यूस्टनच्या रॉबर्ट ईगन यांनी कुणालाही शिकता येईल अशी मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेची, पद्धत बसवली. 1963 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुमारे 62,000 स्त्रियांवर मोठी चाचणी सुरू झाली आणि तपासणीने मृत्यू टळतात असे तिच्यातून दिसले.

पण इथेच नवी अडचण उभी राहिली. कसलाही त्रास नसलेल्या हजार स्त्रियांच्या फिल्म पाहाव्यात, तेव्हा त्यांतल्या साधारण पाच जणींना कर्करोग असतो. बाकीच्या फिल्ममध्ये काही सापडणार नसते, तरी प्रत्येक फिल्म तितक्याच सावधपणे पाहावी लागते. डोळा थकतो. रोग उघड झाल्यावर जुनी फिल्म काढून पाहिली, की कधी कधी तो तिथेही दिसतो.

1967 मध्ये फ्रेड विन्सबर्ग आणि सहकाऱ्यांनी फिल्म स्कॅन करून डाव्या-उजव्या स्तनांची तुलना संगणकाकडून करून घेतली. तेव्हाची उमेद मोठी होती : निदान यंत्रानेच करावे. तेवढी ताकद त्या काळच्या संगणकांत नव्हती.

खरे वळण आले 1980 च्या दशकात, शिकागो विद्यापीठात. कुनिओ दोई यांनी अपेक्षाच बदलली. यंत्राने डॉक्टरची जागा घ्यायची नाही, फक्त दुसरे मत द्यायचे. हिआंग-पिंग चॅन यांची युक्ती मला फार देखणी वाटते. एकाच चित्राच्या दोन प्रती करायच्या. एकीत बारीक कण उठून दिसतील असे गणित लावायचे, दुसरीत ते पुसट होतील असे. मग एकीतून दुसरी वजा करायची. स्तनाच्या उतींची गुंतागुंतीची पार्श्वभूमी दोन्हींत सारखीच, म्हणून ती बरीचशी निघून जाते आणि कण उरतात. 1990 मध्ये त्यांच्या गटाने दाखवले की असे शोधून संगणकाने चित्रावर केलेल्या खुणांच्या मदतीने रेडिओलॉजिस्टना कणांचे पुंजके अधिक अचूक सापडतात.

जून 1998 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने आर-टू कंपनीच्या इमेजचेकर या यंत्राला मान्यता दिली. ते कणांच्या पुंजक्यावर त्रिकोण काढी, गाठीच्या संशयावर तारा. डॉक्टरने आधी स्वतः फिल्म वाचायची, मग खुणा पाहायच्या, असा दंडक होता. मेडिकेअर ही अमेरिकेची सरकारी आरोग्यविमा योजना या वापरासाठी जादा पैसे देऊ लागली आणि 2008 पर्यंत तिथल्या लाभार्थींच्या 74 टक्के तपासण्यांमध्ये संगणक आला. प्रसार पुराव्याच्या पुढे धावला, हे मला या इतिहासातले सर्वांत दुःखद पान वाटते. कारण त्याची झळ निरोगी स्त्रियांना बसली.

2007 मध्ये जोशुआ फेंटन यांनी 43 केंद्रांतल्या 2,22,135 स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. संगणक आल्यावर बायप्सी जवळपास 20 टक्क्यांनी वाढल्या होत्या. कर्करोग सापडण्यात मात्र ठाम म्हणावी अशी वाढ नव्हती. 2015 मध्ये कॉन्स्टन्स लेहमन यांनी सव्वातीन लाख स्त्रियांच्या तपासण्या पाहिल्या. त्यांनाही फायदा दिसला नाही. ब्रिटनमधल्या 2008 च्या चाचणीत मात्र एक डॉक्टर अधिक संगणक ही जोडी दोन डॉक्टरांच्या तोडीस तोड ठरली होती.

मग बिघडले कुठे? बहुतेक खुणा निरोगी जागीच पडत. दिवसभर अशा खुणा खोडून काढणाऱ्या माणसाला खऱ्या खुणेचीही किंमत उरत नाही. आणि खूण नाही म्हणून स्वतःचा संशय मागे घेण्याचा मोहही होतो. संशय मागे घ्यायचा नाही, हा नियम कागदावर होता. वाचनकक्षात तो पाळणे अवघड.

2012 नंतर कोणता आकार संशयास्पद हे माणसाने आधी सांगण्याची गरज राहिली नाही. न्यूरल नेटवर्क नावाचे नवे गणिती जाळे लाखो चित्रांतून ते स्वतः शिकू लागले. स्वीडनच्या मासाई चाचणीत यंत्राचे कामही बदलले. ते प्रत्येक तपासणीला 1 ते 10 अंक देते. 9 पर्यंत एक डॉक्टर पाहतो, 10 आला की दोघे. 2023 मध्ये क्रिस्टिना लाँग यांच्या गटाने 80,033 स्त्रियांचे पहिले आकडे मांडले. प्रत्येक चित्र दोन डॉक्टरांनी पाहण्याच्या नेहमीच्या पद्धतीच्या तुलनेत वाचनाचे काम 44 टक्क्यांनी घटले आणि हजारी 5.1 च्या जागी 6.1 कर्करोग सापडले.

जास्त सापडणे म्हणजे जास्त वाचवणे नव्हे, कारण कधीही न वाढणारे रोगही त्या संख्येत येतात. म्हणून या चाचणीने आपला मुख्य निकष वेगळा ठेवला : तपासणीत काही नाही असे सांगून घरी पाठवलेल्या किती स्त्रियांना पुढच्या तपासणीच्या आत कर्करोग निघतो. हा प्रश्न 1998 मध्येच, यंत्र दवाखान्यांत पोचण्याआधी विचारला जायला हवा होता.