ग्रुपवरची कल्पना पहिल्या बिलापर्यंत कशी न्यावी?

आपल्या जवळपास प्रत्येक तरुणाच्या मोबाईलमध्ये समाजाचे चार-पाच व्हॉट्सॲप ग्रुप असतात. कुठल्या तरी रात्री त्यात पोस्ट पडते, "आपला पैसा आपल्या समाजात फिरला पाहिजे. चला, एकत्र येऊन उद्योग उभारू." पाठोपाठ अंगठे येतात, "सहमत", "मी तयार आहे", "बैठक लावा". आठ दिवसांनी ग्रुपवर दुसराच विषय सुरू होतो आणि ती पोस्ट खाली निघून जाते.

समाजकार्य करताना आम्ही हे अनेकदा पाहिले आहे, आणि एकदा त्यात आम्हीही होतो. मसाला तयार करून विकायचा, असे ठरले. ग्रुपवर चाळीस जणांनी होकार दिला, बैठकीला अकरा आले आणि पैसे तिघांनी काढले. ते एकाच्या बचत खात्यात जमा झाले. कोणी किती दिले, काय खर्च झाला, याची वही ठेवली नाही. चार महिन्यांनी मसाला संपला होता, पैसे दिसत नव्हते आणि तिघे एकमेकांशी बोलत नव्हते. रक्कम फार मोठी नव्हती. पण पुढच्या वेळी त्या वस्तीत उद्योगाचा विषय काढला तेव्हा कोणी मान वर केली नाही. पैसा पुन्हा कमावता येतो, तुटलेला विश्वास जोडायला वर्षे लागतात. म्हणून कल्पना ग्रुपवरून बाजारात नेण्याच्या पायऱ्या या लेखात क्रमाने मांडत आहोत.

ओळख कोणाशी हवी?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठातून अर्थशास्त्र शिकून आले. मुंबईत त्यांनी शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देणारी एक फर्म सुरू केली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर ग्राहक येईनासे झाले आणि ती बंद पडली. ज्ञानात कमतरता नव्हती. बाजारातल्या ओळखीचे आणि पतीचे दार जातीने बंद केले होते.

आज ते दार पूर्ण उघडले आहे, असे आम्ही म्हणणार नाही. पण ओळखी कशा काम करतात हे समजून घेतले तर वाट काढता येते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक गाजलेला निबंध लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारले, की ती माहिती देणारी व्यक्ती तुम्हाला तेव्हा किती वेळा भेटत होती? वारंवार भेटणारे फक्त १६.७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणारे २७.८ टक्के होते. जवळच्या माणसांना बहुधा तेच माहीत असते जे आपल्याला माहीत असते. नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते.

आपले ग्रुप जवळच्या नात्यांचे आहेत. सगळे एकाच वस्तीतले, एकाच वयाचे, एकाच अडचणीतले. अडीअडचणीला ते धावून येतात, पण ग्राहक त्यांच्याबाहेर असतो. म्हणून ग्रुपवर विचारताना "कोण तयार आहे?" असे विचारू नका. "हॉस्टेलसाठी, कॅन्टीनसाठी, शाळेसाठी खरेदी करणारा माणूस कोणाच्या ओळखीचा आहे?" असे विचारा. बँकेत, महापालिकेत, रेल्वेत नोकरी करणारे आपले वडीलधारे, निवृत्त झालेले काका-मामा ही मोठी शिदोरी आहे. त्यांच्याकडे देणगीसाठी जातो, तसे एकदा माहितीसाठी जाऊन बघा.

होकार म्हणजे ऑर्डर नव्हे

अंगठा दाखवायला पैसे लागत नाहीत. म्हणून पहिली कसोटी एकच ठेवा: आगाऊ रक्कम. माल थोडा तयार करा, नमुना दाखवा आणि दहा माणसांकडून पैसे घेऊन ऑर्डर लिहून घ्या. दहापैकी दोघांनीच पैसे दिले तर कल्पना, किंमत किंवा ग्राहक यांपैकी काहीतरी बदलायला हवे, हे थोडक्यात कळले. कर्ज काढून मशीन घेतल्यावर कळण्यापेक्षा ते बरे.

ग्राहक समाजाबाहेरचाही शोधा. १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबरला आपल्या स्टॉलवर गर्दी असते. पुस्तके, प्रतिमा, दिनदर्शिका विकल्या जातात. ही आपण उभी केलेली बाजारपेठ आहे आणि तिचा अभिमान आहे. पण घरभाडे बाराही महिने भरावे लागते. सणाच्या स्टॉलवर जो माल चालतो, त्यातले वर्षभर कोण घेईल हे तपासले पाहिजे.

हिशेब आधी कागदावर

समजा, पाच शिवणकाम करणाऱ्या ताई कापडी पिशव्या करणार आहेत. आकडे केवळ उदाहरणासाठी घेऊ. एका पिशवीला कापड ३८ रुपये, शिलाई २०, छपाई १०, धागा आणि पॅकिंग ४, वाहतूक ३ असे एकूण ७५ रुपये लागतात. विक्री १०० रुपयांना. ५०० पिशव्यांची ऑर्डर आली तर खर्च ३७,५०० आणि बिल ५०,००० रुपये. नफा १२,५०० दिसतो.

आता खरा प्रश्न. ग्राहक पैसे ४५ दिवसांनी देणार असेल तर तोवर ३७,५०० रुपये कोण घालणार? निम्मी रक्कम आगाऊ मिळाली तरी १२,५०० रुपये कमी पडतात. अनेक छोटे धंदे तोट्याने नव्हे, या मधल्या काळात हातात पैसा नसल्याने बंद पडतात. आणखी एक चूक आम्ही नेहमी पाहतो: स्वतःची मजुरी धरायची नाही. "घरचेच आहे" म्हणून शिलाईचे २० रुपये सोडले तर पिशवी स्वस्त दिसते, पण ताईंचे श्रम फुकट जातात.

नाव, खाते आणि करार

पैसे जमा करण्याआधी धंदा कोणाचा हे ठरवा.

- एकाचाच असेल तर एकल मालकी. बाकीच्यांनी दिलेले पैसे उसने की मजुरीपोटी, हे लिहून ठेवा.
- दोघा-चौघांचा असेल तर लेखी भागीदारी करार करून फर्मची नोंदणी करा. नोंदणी नसलेल्या फर्मला करारातले येणे वसूल करण्यासाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही.
- महिलांचा बचत गट असेल तर गटाचा ठराव, गटाचे खाते आणि दोघींच्या सह्या.

करारात चार गोष्टी हव्यातच: कोणी किती घातले, काम कोणाचे, नफा कसा वाटायचा आणि कोणाला बाहेर पडायचे असेल तर त्याचा हिस्सा कसा द्यायचा. मैत्रीत हे बोलायला संकोच वाटतो. पण मैत्री टिकावी म्हणूनच ते लिहायचे असते.

एक सावधगिरी. "इतके गुंतवा, महिन्याला इतका परतावा" असे सांगून ग्रुपवर लोकांकडून ठेवी गोळा करू नका, कोणी करत असेल तर त्यात पडू नका. अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा, २०१९ खाली हा गुन्हा ठरू शकतो. समाजाचे नाव घेऊन आलेली योजनाही याच नियमाने तपासा.

मोबाईलचे दुकान करा

समाजाच्या ग्रुपवर रोज जाहिरात टाकली की लोक ग्रुप म्यूट करतात. त्यापेक्षा व्हॉट्सॲप बिझनेसवर वेगळा नंबर घ्या, कॅटलॉगमध्ये फोटो, माप आणि किंमत टाका. "किंमतीसाठी इनबॉक्स" लिहू नका. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. म्हणून प्रत्येक ग्राहकाला नंबर सेव्ह करायला सांगा. पैसे धंद्याच्या खात्यात यूपीआयने घ्या. त्या नोंदी पुढे बँकेला दाखवता येतात. खाद्यपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआय नोंदणीशिवाय सुरुवात करू नका.

सरकारी खरेदीतले आपले ४ टक्के

इथे आपल्या तरुणांनी खास लक्ष द्यावे. केंद्राच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्रीय मंत्रालये, विभाग आणि सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म व लघु उपक्रमांकडून करायची आहे. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उपक्रमांसाठी आणि ३ टक्के महिलांच्या उपक्रमांसाठी आहेत. ४ टक्क्यांचे हे उद्दिष्ट वर्षानुवर्षे अपुरे राहिले आहे. त्याची जबाबदारी खरेदी करणाऱ्यांवर आहेच. पण नोंदणी करून पुरवठ्यासाठी रांगेत उभे राहणे आपल्या हातात आहे.

त्यासाठी काय लागते?

- उद्यम नोंदणी: ऑनलाईन आणि मोफत. एजंटला पैसे देण्याची गरज नाही. सामाजिक प्रवर्गाचा रकाना बरोबर भरा.
- जात प्रमाणपत्र: १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना केंद्रातही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. प्रमाणपत्र योग्य नमुन्यात काढून ठेवा.
- मालकी: भागीदारीत किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींचा हिस्सा किमान ५१ टक्के हवा.
- जेम पोर्टल: २०१६ पासून सरकारी खरेदी इथे होते. आपला माल तिथे नोंदवा.

पात्र उपक्रमांना निविदेचे कागद मोफत मिळतात आणि बयाणा रक्कम भरावी लागत नाही. सर्वांत कमी दरापेक्षा आपला दर १५ टक्क्यांपर्यंत जास्त असेल, तर दर खाली आणून काही भाग पुरवण्याची संधीही मिळते. मात्र हा लाभ उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांना आहे, नुसत्या खरेदी-विक्रीला नाही.

भांडवलासाठी मुद्रा कर्ज, प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या योजना आहेत. अर्जाआधी चालू नियम जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. आणि हे लक्षात ठेवा, की अनुदान लगेच हातात पडत नाही. रोजगार निर्मिती कार्यक्रमात ते तीन वर्षे बँकेत राखून ठेवले जाते. अनुदानासाठी धंदा काढू नका, धंद्यासाठी अनुदान घ्या.

पैसे थकले तर

२००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. त्यासाठी माल देण्याआधी उद्यम नोंदणी, लेखी ऑर्डर, माल मिळाल्याची सही आणि बिल हवे. व्हॉट्सॲपवरच्या "पाठवा भाऊ" या शब्दांवर माल सोडू नका.

पहिले तीस दिवस

पहिला आठवडा: ग्रुपमधून काम करणारे तीन ते पाच जण निवडा, एकच वस्तू किंवा सेवा ठरवा.
दुसरा आठवडा: वीस संभाव्य ग्राहकांना प्रत्यक्ष भेटा, त्यात निम्मे समाजाबाहेरचे.
तिसरा आठवडा: खर्चाचा तक्ता, लेखी करार, वेगळे खाते, उद्यम नोंदणी.
चौथा आठवडा: आगाऊ रक्कम घेऊन पहिल्या ऑर्डरी पूर्ण करा आणि बिल द्या.

महिनाअखेरीस तिघांनी बसून वही उघडा आणि पाचही पैसे जुळतात का पाहा. जुळले तर तीच वही ग्रुपवर दाखवा. शंभर प्रेरणादायी पोस्टपेक्षा वस्तीतल्या एका पोराने दाखवलेले खरे बिल दुसऱ्या पोराला उभे करते. आमच्या मसाल्याच्या वेळी तेवढी एक वही असती, तर ते तिघे आजही सोबत धंदा करत असते, असे आम्हाला वाटते. आपल्या ग्रुपवर पुढची कल्पना येईल तेव्हा अंगठा दाखवण्याआधी एवढेच विचारा: वही कोण ठेवणार?