शंभर मैलांचा पल्ला

पायगाडीवरून हौसेनें फिरणाऱ्या दोन माणसांची रस्त्यांत गांठ पडली म्हणजे कुशलप्रश्नाच्या पाठोपाठ येणारा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘आज किती झाले?’ किती काय, हें सांगण्याची गरज पडत नाहीं. वाटेंतल्या नदीला पाणी किती होतें, कोणत्या झाडांना मोहोर आला होता, चढावर दम किती लागला, या गोष्टी मागाहून, आधीं आंकडा. नवशिक्याचा प्रश्नहि याच घराण्यांतला. एका दिवसांत किती मैल जावें, शंभराचा पल्ला किती दिवसांनीं गांठतां येईल, आणि आपण जातों तें अंतर इतरांच्या मानानें पुरेसें आहे कीं नाहीं, हें त्याला जाणून घ्यावयाचें असतें. प्रश्न साधा दिसतो. परंतु ज्या आंकड्याशीं तो आपली तुलना करूं पाहतो त्याच्या मागें दीडशें वर्षांचा इतिहास आहे. तो आंकडा कोणीं, कोठें व कशासाठीं मिरविला हें एकदां समजलें म्हणजे त्याचा धाक बराच कमी होतो, असा आमचा समज आहे; म्हणून तो इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

पायगाडीच्या बाल्यावस्थेंत अंतर मोजलें जाई तें मुख्यतः यंत्राची परीक्षा म्हणून. ता. ७ नोव्हेंबर १८६९ रोजीं पॅरिसहून रूआं शहरापर्यंत एक शर्यत झाली. अंतर १२३ किलोमीटर, म्हणजे सुमारें ७६ मैल. जेम्स मूर या इंग्रज तरुणानें ती जिंकली. त्याला सुमारें पावणेअकरा तास लागले. तासीं सात मैलांचा हा वेग पाहून आज हसूं येईल. परंतु त्या काळच्या बहुतेक गाड्यांचीं चाकें लाकडी व त्यांवरील धांव लोखंडी असे, आणि दगडी रस्त्यांवरून जातांना स्वाराची जी अवस्था होई तीवरून इंग्रजांनीं त्या वाहनाला ‘हाडें खिळखिळीं करणारें’ असें नांव ठेविलें होतें. अशा वाहनावरून मनुष्य दूरच्या गांवीं जिवंत पोंचतो, हेंच तेव्हां सिद्ध करावयाचें होतें.

पुढें गाडीचें पुढचें चाक वाढत चाललें. त्याचें कारण चैन नसून गणित होतें. त्या वेळीं साखळी नव्हती. पायडलें पुढच्या चाकाच्या आंसालाच जोडलेलीं असत. पायांचा एक फेरा झाला कीं चाकाचाहि एकच फेरा होई. चाकाचा व्यास ५४ इंच असला तर एका फेऱ्यांत सुमारें १४ फूट अंतर कापलें जाई. अधिक वेग हवा तर अधिक मोठें चाक हवें, आणि चाक किती मोठें असावें याची मर्यादा स्वाराच्या पायाच्या लांबीनें ठरावयाची! इंग्रज स्वार आजहि गिअरचें मान इंचांत सांगतात, तें या नष्ट झालेल्या चाकाच्या व्यासाचेंच स्मरण होय. उंचावरून डोक्यावर आपटण्याचें भय नित्याचें असूनहि या गाडीनें लोकांस दूर दूर नेलें. इंग्लंडांत हॅरोगेट येथें १८७८ सालीं सायकल-प्रवाशांची संस्था निघाली. ती आजहि निराळ्या नांवानें चालू आहे. १८८४ सालीं टॉमस स्टीव्हन्स हा सान फ्रान्सिस्कोहून निघून १०४ दिवसांनीं बोस्टनला पोंचला. सुमारें ३,७०० मैलांच्या या वाटेंत त्यानें गाडी बराच वेळ हातांनीं ढकलली, कधीं आगगाडीच्या रुळांवरून नेली. दिवसाची सरासरी काढली तर ती सुमारें ३५ मैल भरते. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडेल.

१८८५ सालीं कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली यानें सारख्या चाकांची व साखळीची गाडी बाजारांत आणिली, आणि १८८८ सालीं बेलफास्टचा पशुवैद्य डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं हवा भरलेली रबरी धांव तयार केली. या दोन शोधांनीं पायगाडी साहसी तरुणांच्या हातून निघून कारकून, शिक्षक, दुकानदार व विशेषतः स्त्रिया यांच्या हातीं आली. १८९० नंतरच्या दशकांत इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत ‘शतका’चें वेड माजलें तें याच वर्गांत. एका दिवसांत शंभर मैल जावें, मंडळाकडून बिल्ला मिळवावा व तो कोटावर लावून मिरवावें! शंभरच कां, याचें एक उत्तर उघड आहे : वाटोळ्या आंकड्याची मनुष्याला भुरळ पडते. परंतु दुसरेंहि एक उत्तर आम्हांस सुचतें. तासीं बारा मैलांच्या बेताच्या वेगानें शंभर मैलांस आठ तास वीस मिनिटें लागतात. त्यांत जेवण, विश्रांति व चाकाची दुरुस्ती यांचे तीन-चार तास मिळविले तरी उन्हाळ्यांतल्या लांब दिवशीं उजेडीं निघून उजेडींच घरीं परततां येतें. सुटीचा एकच दिवस हातीं असलेल्या नोकरदाराच्या आयुष्यांत हें अंतर नेमकें बसत होतें. शतकाचा मूळ दिमाख असा घरगुती आहे.

पण ज्या आंकड्यास बिल्ला मिळतो त्याची किंमत पुढें बाजारांत ठरूं लागते. ‘ल पती झुर्नाल’ या पॅरिसच्या वृत्तपत्राचा संपादक प्येर जिफार यानें १८९१ च्या सप्टेंबरांत पॅरिसहून ब्रेस्त बंदरास जाऊन परत येण्याची शर्यत योजिली. पल्ला सुमारें १,२०० किलोमीटर. २०६ जण निघाले. शार्ल तेरों हा झोंपेवांचून ७१ तास २२ मिनिटांत परत आला, आणि त्याच्या गाडीला मिशलँ कंपनीची काढतां-घालतां येणारी रबरी धांव होती, ही गोष्ट सर्वतोमुखीं झाली. वृत्तपत्राचा खप, कारखानदाराचा माल व स्वाराचे पाय यांची भागीदारी येथें जमली. ती अद्यापि मोडलेली नाहीं.

या भागीदारीचें टोंक पाहावयाचें असेल तर वर्षाच्या मैलांचा विक्रम पाहावा. १९११ सालीं इंग्लंडांतील ‘सायकलिंग’ या साप्ताहिकानें वर्षांत सर्वांत अधिक शतकें कोण करतो अशी स्पर्धा लावली. मार्सेल प्लान यानें ३३२ शतकें केलीं. वर्षाचे मैल भरले ३४,३६६. १९३६ सालीं वॉल्टर ग्रीव्ह्ज यानें ४५,३८३ मैल केले, आणि त्याला एकच हात होता. पुढच्याच वर्षीं ऑस्ट्रेलियाच्या ऑसी निकल्सननें ६२,६५७ चा आंकडा गांठला. १९३८ सालीं बिली डव्ही या तरुणीनें वर्षभर रोज गाडीवर बसून २९,६०३ मैल केले. दिवसाला सरासरी ८१. आणि ता. १ जानेवारी १९३९ रोजीं टॉमी गॉडविन निघाला. त्या वर्षीं सप्टेंबरांत महायुद्ध सुरू झालें, रात्रीं दिवे झांकण्याचा हुकूम सुटला, तरी तो थांबला नाहीं. वर्षअखेर त्याचे ७५,०६५ मैल झाले. म्हणजे रोज २०५ मैल, आणि तेहि इंग्लंडच्या थंडीपावसांत! तेवढ्यावर न थांबता १९४० च्या मे महिन्यापर्यंत, ५०० दिवसांत, त्यानें एक लक्ष मैल पुरे केले. त्यानंतर हाताच्या मुठी नीट उघडेनात व धड चालतां येईना. चालावयास पुन्हां शिकावें लागलें, असें सांगतात. त्याचा विक्रम पाऊणशें वर्षें टिकला. २०१६ च्या जानेवारींत अमेरिकेच्या कर्ट सर्व्होगल यानें ७६,०७६ मैल करून तो मोडला. आणि २०१७ सालीं अमांडा कोकर या तरुणीनें फ्लॉरिडांतील एका बागेच्या सात मैलांच्या सपाट वर्तुळांत बहुतेक फेरे घालून ८६,५७३ मैल पुरे केले.

या माणसांच्या चिकाटीपुढें आम्ही मस्तक लववितों. परंतु एक प्रश्न मनांतून जात नाहीं. सात मैलांच्या वर्तुळांत वर्षभर फिरणारा मनुष्य कोठें गेला? मूळांत पायगाडी मनुष्यास गांवाबाहेर नेण्यासाठीं होती. आंकडा वाढतां वाढतां गांव, वाट व पाहणें हीं सर्व गळून पडलीं, आणि आंकडा तेवढा उरला. स्वतःच्या इच्छेनें असें व्रत घेणाऱ्यास दोष देण्याचें कारण नाहीं. पण रविवारीं वीस मैल जाऊन येणाऱ्या गृहस्थानें या मापानें स्वतःस मोजून खजील व्हावें, हें मात्र अन्यायाचें आहे.

या अन्यायावर उत्तर शोधणारे लोक त्याच काळांत फ्रान्समध्यें होते. सेंतएत्येन शहरचा पोल द विव्ही (१८५३–१९३०), जो ‘व्हेलोसिओ’ या टोपणनांवानें प्रसिद्ध आहे, त्यानें ‘ल सिक्लिस्त’ हें मासिक चालवून सायकल-प्रवाशाचें एक लहानसें नीतिशास्त्रच रचलें. विश्रांति थोड्या व आंखूड घ्याव्या. भूक लागण्यापूर्वीं थोडें थोडें खावें. खाणें व झोंप नकोशी होईल इतकें थकूं नये. आणि केवळ प्रौढीसाठीं पायडल मारूं नये, असें त्याचें सांगणें. स्वतः तो पट्टीचा चालवणारा होता; शंभर-सव्वाशें मैलांचें त्याला कौतुक नव्हतें. म्हणूनच शेवटच्या नियमाचें वजन अधिक.

दुसरें उत्तर इटलींतून आलें. १८९७ च्या जूनमध्यें बारा इटालियन स्वार रोमहून नेपल्सला निघाले. २३० किलोमीटरांचें अंतर सूर्योदय-सूर्यास्ताच्या दरम्यान पुरें करावयाचें, एवढीच अट. पहिला कोण, हा प्रश्नच नाहीं. या प्रकाराला ‘ऑदॅक्स’ म्हणजे धाडसी असें नांव पडलें. १९०४ सालीं आंरी देग्रांज यानें हा प्रकार फ्रान्समध्यें आणिला व २०० किलोमीटरांचा पल्ला ठरविला. फ्रान्सची जगप्रसिद्ध शर्यत आदल्याच वर्षीं काढणारा हाच गृहस्थ! प्रथम सर्वांनीं म्होरक्याच्या मागून ठराविक वेगानें जावयाचें असे. १९२१ पासून ज्यानें त्यानें आपापल्या वेगानें जाण्याची पद्धतहि निघाली. तीच आज जगभर चालते. २०० किलोमीटरांस साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. या वेळांत विश्रांति, जेवण, झोंप सर्व आलें. पहिला आलेला व शेवटचा आलेला यांची नोंद सारख्याच मानानें होते. पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस हा पल्लाहि आतां शर्यतीचा राहिलेला नसून हौशी लोकांचा आहे, आणि त्यास ९० तासांपर्यंत मुदत मिळते. मुंबई-पुण्याकडचे हौशी स्वार आज ज्या ‘ब्रेव्हे’ करतात त्या याच परंपरेंतल्या.

या पायऱ्यांत नवशिक्याच्या प्रश्नाचेंहि उत्तर आहे. अंतर वाढविणें म्हणजे शरीराच्या अनेक अवयवांस निरनिराळ्या वेगानें शिकविणें होय. छातीचा दम कांहीं आठवड्यांत सुधारतो. गुडघ्यांचे स्नायुबंध, हाताचे तळवे व बैठकीची कातडी यांना अधिक काळ लागतो. दम आला म्हणून उत्साहानें अंतर दुप्पट करणारा मनुष्य गुडघे धरून बसतो तो यामुळेंच. अन्नाचेंहि तसेंच. स्नायूंत व यकृतांत सांठविलेली साखर दोनएक तासांच्या जोराच्या श्रमानें संपत येते. मग एकाएकीं पाय लटपटतात व डोळ्यांपुढें अंधारी येते. व्हेलोसिओचा भुकेपूर्वीं खाण्याचा नियम येथें उपयोगी पडतो. जुने स्वार सांगतात कीं, आठवड्यास मागच्या अंतराच्या एक-दशांशाहून अधिक भर घालूं नये. हा शास्त्राचा सिद्धांत नव्हे, अनुभवाचा ठोकताळा आहे. पण त्याचें गणित करून पाहण्यासारखें आहे. रविवारीं पंधरा मैल सहज जाणारा मनुष्य या बेतानें वाढवीत गेला तर वीस आठवड्यांत शंभर मैलांवर पोंचतो. मध्येंमध्यें एखादा आठवडा विश्रांतीचा घेतला तरी सहा महिन्यांत काम होतें. शिवाय साठ-सत्तर मैल आनंदानें जाणाऱ्यास एखाद्या दिवशीं शंभर जाणें फारसें कठीण पडत नाहीं.

शेवटीं आमच्याच मुंबईची एक हकीकत सांगून हा लेख पुरा करितों. १९२३ च्या ऑक्टोबरांत सहा पारशी तरुण पायगाडीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस मुंबईहून निघाले. त्यांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगारा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्यें प्रदक्षिणा पुरी करून परतले. वाळवंटें व अरण्यें तुडवून त्यांनीं केलेला प्रवास सुमारें ४४,००० मैलांचा होता. या अचाट प्रवासाची रोजची सरासरी आम्हीं काढून पाहिली. ती भरली सुमारें २७ मैल. स्टीव्हन्सच्या पस्तीसांहूनहि कमी, गॉडविनच्या दोनशेंपांचांच्या सातव्या हिश्श्याहूनहि कमी! कारण वाटेंत ते आजारी पडले, थांबले, लोकांच्या घरीं जेवले, अडले आणि पुन्हां निघाले. सत्तावीस मैल म्हणजे एखाद्या रविवारच्या सकाळीं आमच्या ओळखीचा कोणीहि कारकून जाऊन येतो तेवढेंच अंतर. आज किती झाले, असें त्यास कोणीं विचारिलें व त्यानें सत्तावीस म्हणून सांगितलें, तर मान खालीं घालण्याचें त्याला कांहींच कारण नाहीं.